बावीस, चोवीस

हेल्दुरचा फोन आला तेव्हा सव्वापाच.
हिउमा बेटाकडे जाणारा बर्फाचा रस्ता
अजून अंधारात, उणे चौदा.
"तुझा फलक म्हणतो, रस्ता खुला.
मी आत्ताच भोक पाडून मोजलं : तेवीस सेंटिमीटर.
काल चोवीस ठरलं होतं ना?
पावाची गाडी अडवून धरलीये, ड्रायव्हर शिव्या घालतोय."

चोवीसच ठरलं होतं. मारिकानेच
बावीस पुसून चोवीस लिहिलं होतं.
तिने फाइल उघडली. चोवीस.
पुन्हा वाचली, बोट ठेवून, शाळकरी पोरासारखी. चोवीस.
आणि यंत्र खुशाल बावीसवर हिशेब करत होतं.

आधी हाताने फलकावर 'बंद' चढवलं,
मग ती शोधायला बसली.

कॅशेत कालच्या आधीची कंपाइल केलेली फाइल होती.
यंत्र दर वेळी मूळ वाचत बसत नाही,
नाक्यावरच्या कारकुनासारखं दोनच गोष्टी बघतं :
तारीख आणि वजन.
वजन तेच, एका आकड्याच्या जागी एक आकडा.
तारीखही तीच, कारण गठ्ठा बांधणाऱ्या प्रोग्रामने
सगळ्या फाइलींच्या कपाळी एकच दिवस गोंदलेला :
एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी.
मारिका जन्मलीही नव्हती तेव्हा.
मग चूल कोण पेटवतंय? शिळं होतं, तेच वाढलं.

जुनी फाइल तिने उडवली. आकडा सुधारला.
पण हे आजच्यापुरतं.

आता प्रत्येक कंपाइल फाइलच्या माथ्यावर
मूळ मजकुराचा अंगठा,
अक्षर न् अक्षर दळून निघालेला,
एक स्वल्पविराम हलला तरी निराळा उमटणारा.
सुरू होताना यंत्राने मूळ वाचायचं,
ताजा अंगठा घ्यायचा, जुन्याशी ताडायचा.
बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर.

याला अकरा मिलिसेकंद जास्त लागतात.
हेल्दुरला एक भोक पाडायला चार मिनिटं.

दुपारी किनाऱ्यावरच्या खोपटात तिने त्याला सगळं सांगितलं.
तो थर्मासचं झाकण फिरवत राहिला.
"म्हणजे लिहिलेलं आणि चाललेलं, आता एकच."
"हो."
"आणि चोवीस पुरतात, हे कोण सांगणार? अंगठा?"
"नाही," ती म्हणाली. "ते तू."

त्याने गिरमिट खांद्यावर टाकलं.
पात्याला चिकटलेला बर्फ
जमिनीवर पडून वितळत होता.