बटाट्याचं पाणी

सुरवसे सिस्टरनं मला आधी बटाटा शिकवला.
साल काढा, बारीक चिरा, भरपूर पाण्यात भिजू द्या
दोन तास. मग ते पाणी फेका.
फेका?
सिस्टर, औशात आमच्या गल्लीला नळ बाराव्या दिवशी येतो.
त्या जरा थांबल्या.
म्हणाल्या, तरी फेका.

मन्मथ स्टुलावर बसून पाय हलवत होता.
नऊ वर्षांचा. पापण्या सुजलेल्या.
महिनाभर मी म्हणत होते, झोप जास्त झाली लेकराची.

दर दुसऱ्या गुरुवारी लातूर.
एका खोलीत आम्ही सात आया, दोन बाप,
आणि लेकरं, ज्यांना आमच्याआधी कळतं.
सिस्टरच्या कापडी बाहुलीच्या पाठीत
घेवड्याचे दोन दाणे शिवलेत.
एका पोरीनं विचारलं, हिचे चांगले आहेत का?
कुणीच बोलेना.
मन्मथ म्हणाला, कमी काम करतात. माझ्यासारखे.
पण करतात.

पहिल्या महिन्यात त्याच्या वडलांनी
दवाखान्याच्या गेटवरच त्याला शहाळं पाजलं होतं.
आजारी माणसाला दुसरं काय पाजतात?
ती रात्र मी सांगणार नाही.
आता ते वर्गात पहिल्या रांगेत बसतात,
पेन्सिल आणि खोडरबर घेऊन.

सकाळी लघवी करून आला की
मन्मथ स्वतःच काट्यावर चढतो,
वहीत मांडतो: एकवीस पॉइंट सहा.
कालच्यापेक्षा जास्त भरलं तर
माझ्याकडं न बघता नडगीवर अंगठा दाबतो
आणि खड्डा भरेपर्यंत मनात आकडे म्हणतो.
हे मी त्याला शिकवलं नाही.
मला ते बघवतही नाही.

बाटली सहाशे मिलीची, पेनानं रेघा मारलेली.
चहा पण पाणीच, आई. वरण पण.
शेवटचा घोट तो झोपेपर्यंत राखून ठेवतो,
जत्रेतून परतताना एखादा रुपया राखावा तसा.

चुलत जावेच्या घरी बारसं होतं.
तिनं ताटात शेंगाचटणी वाढली, पापड ठेवला,
एवढ्याशानं काय होतंय म्हणाली.
मी तोंड उघडायच्या आत
त्यानं पापड उचलून माझ्या ताटात ठेवला.
काकू, मला चालत नाही. वास चांगलाय पण.
जाऊ गप्प झाली. मी पापड खाल्ला.
घशाखाली जाईना.

परवा मला ताप होता.
पडल्या पडल्या ऐकत होते:
स्टूल ओढलं, ताटलीत चाकू,
पाणी ओतलं, पाणी निथळलं, पुन्हा ओतलं.
मग दार वाजलं.
फेकायचं पाणी त्यानं दारातल्या बेलाला घातलं,
मी रोज घालते तसंच,
हे सिस्टरला आम्ही दोघांनी सांगितलेलं नाही.

त्याच्या वडलांनी भाजी फोडणीला टाकली.
मन्मथनं एक फोड तोंडात घातली, डोळे मिटून चावली.
बेचव झालीय, म्हणाला.
म्हणजे बरोबर झालीय.