तक्रारपेटीची किल्ली

पेटी पत्र्याची. आमच्याच पोरांनी गेल्या साली सांधलेली,
डावा कोपरा तेव्हाच सुटला, अजून सुटलेलाच आहे.
किल्ली माझ्याकडे, कारण प्राचार्य म्हणाले,
"वेल्डिंगच्याच येतात सगळ्यात जास्त. तुम्हीच उघडा."

काकोड्यात साडेचारला वर्कशॉप निवत जातं,
छपराचे पत्रे टकटक आखडतात,
खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ
खिडकीच्या जाळीवर बसलेली असते.
मी स्टुलावर. चिठ्ठ्या मांडीवर.

सर फळ्याशी बोलतात.

कदंबच्या तिकिटामागे, पेन्सिलीनं:
आर्क पेटायच्या आधी सांगा, पेटल्यावर ओरडू नका.

तिसरीत नुसतं चित्र. माझंच.
तोंडावर हेल्मेट, काच खाली ओढलेली,
आणि हेल्मेटलाही मिशा.
हसू आलं. मग जरा वेळानं गेलं.

चौथी रोमी कोंकणीत. ती अक्षरं मला
ओठ हलवल्याशिवाय लागत नाहीत,
म्हणून रिकाम्या वर्गात मोठ्यानं वाचली:
रिवणची बस तिळामळला पोचते तोवर
पुढची गेलेली असते. रोज.
सर मस्टरात लाल शाईनं उशीर लिहितात.
लाल शाईनं एकदा बसमध्ये बसून पाहावं.

आय या अक्षरावर ठिपक्याऐवजी पोकळ गोल.
वर्षभर जॉब कार्डावर पाहिलेला गोल.
ओळखला, आणि लगेच विसरायला घेतला.
हेही हातानं शिकावं लागतं:
ग्राइंडर फिरवून शिवण इतकी सपाट करायची
की जोड कुठे होता ते जोडणाऱ्यालाही सापडू नये.

सोमवारी उजाडताना उलटा गेलो, रिवणला.
थांब्यावर दोन कोंबड्यांची टोपली, एक पाववाला,
आणि झिटा फुर्ताद, दप्तर छातीशी धरून.
तिनं माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे.
बस आली तेव्हा आधीच पंचवीस मिनिटं गेलेली.
आत गर्दी. झिटानं शेजारच्या सीटवरचं दप्तर उचललं,
मांडीवर घेतलं.
मी बसलो.
तिळामळपर्यंत कुणीच काही बोललं नाही.
पुढची बस गेलेली होती.

नऊ पंचविसाला वर्गात शिरलो.
माझ्या नावापुढे लाल शाईनं उशीर लिहिलं,
सगळ्यांना दिसेल असं.
मागच्या बाकावरून बारीक शिट्टी आली.
कुणी वाजवली विचारलं नाही.
मग फळ्याकडे पाठ करून उभा राहिलो;
वीस वर्षांत पहिल्यांदा कळलं
की खडूशिवाय माझे हात कुठे ठेवायचे
ते मला ठाऊक नाही.

सगळंच जमलं असं नाही.
योगराज फळदेसाईला प्रात्यक्षिकाचे पाच गुण वाढवून हवे होते.
त्याचा जोड त्याच्यासमोर व्हाइसमध्ये धरला, वाकवला,
तडकला.
दुसरा करायला दिला, शेजारी उभा राहिलो,
हात कुठे थरथरतो ते दाखवलं.
तोही तडकला.
गुण तेवढेच राहिले.
कुडचड्याच्या बाजारात आता तो मला पाहून
मासळीकडे वळतो, आणि तो मासे खात नाही.
मी बरोबर होतो. रात्री तरी
याचा काही उपयोग होत नाही.

प्राचार्य विचारतात, तो कोपरा का नाही सांधत?
चार इंचांचं तर काम.
बघू, म्हणतो.
त्या फटीतून बारीक बोटं आत जातात, मला ठाऊक आहे.
रागात टाकलेली चिठ्ठी सकाळी कुणाला
परत घ्यावीशी वाटली, तर घेता यावी.

काल पेटी रिकामी निघाली.
साडेनऊला झिटा दारातच थांबली, धापा टाकत,
"सर, आयज बस आयलीच ना."
म्हटलं, ये,
आर्क अजून पेटवलेला नाही.