मधली भिंत

काचेची ताटली, तळहाताएवढी.
मधोमध भिंत, पेरभरसुद्धा उंच नाही.
अलीकडे चामरलेण्याच्या पायथ्याच्या मातीतला कुणीतरी,
अजून नाव नसलेला. यामिनी त्याला ‘सतरा’ म्हणते.
पलीकडे सिव्हिलच्या वॉर्डातून आलेला,
ज्याला आता कुठलीच गोळी मोजत नाही.

मी ताटल्या धुते. अकरा वर्षं झाली.
दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही, एवढाच नियम.
वरून झाकण, कडेने पट्टी गुंडाळलेली,
आत उरते ती हवा.

चौथ्या दिवशी सतरा पसरला होता
पिठाचं बोट पुसल्यासारखा.
पलीकडे काहीच नाही.
जणू तिथे कुणी राहायलाच आलं नव्हतं.

नुसत्या सतराची ताटली उघडून
यामिनी खैरनार म्हणाली, “मावशी, वास घ्या.”

मला वास येत नाही.
त्या तापाच्या साली गेला, परतला नाही.
फोडणी जळाली की शेजारीण ओरडून सांगते.
“तूच सांग,” म्हटलं, “कसा आहे?”
“फुटलेला पेरू... नाही.
ओलं गोणपाट. आणि मागून लसूण, किंचित.”
वहीत लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

म्हणजे ज्याला नाकच नाही
त्याला पलीकडे कळलं. मला नाही.

घरी तुळशीराम भाऊजींची टाच. जखमेला सातवा महिना.
तांबट आळीत ठोके घालून घालून कान गेलेले,
म्हणून मोठ्यानं सांगावं लागतं, सूक्ष्म गोष्टसुद्धा.
“मधे भिंत आहे ना?”
“आहे.”
“मग?”
“वरून हवा जाते.”
“त्याचा ह्याच्यावर राग कसला?”
“राग नाही हो! आपली जागा हवी असते!”
दोन घरं पलीकडे ऐकू गेलं असेल.

“ह्या हवेची गोळी कधी होणार?”
यामिनी म्हणते ते सांगितलं:
वर्षं लागतील. कदाचित होणारही नाही.
काल सातांतल्या तीन ताटल्यांत
दोन्हीकडे वाढलं, निवांत, शेजाऱ्यांसारखं.

भाऊजींनी मान हलवली. मग तळहात भिंतीला लावला.
“रमाकांत आज हंडा घेऊन बसलाय,” म्हणाले,
“बुडाशी आलाय. हात हलका झाला त्याचा.”

मी पट्टी गुंडाळत राहिले.
खोलीत कसला तरी वास असणारच.