गाठ

कालाबा चित्र काढायचा तेव्हा ब्रश कमी, बोटंच जास्त.
साम्फ्याच्या धक्क्यावर मासळीच्या ट्रकांच्या फळ्यांवर
आधी पाणघोडे काढले त्यानं, मग मगरी;
फळीमागे दोन वेळचं जेवण.
मी तेव्हा अकराचा.
बाप बांग्वेउलूच्या दलदलीत जाळी टाकायचा,
मी डब्यानं होडीतलं पाणी उपसायचो.

त्याला हवा होता शूबिल.
राखी, माझ्या गळ्याइतका उंच,
आणि चोच अशी, की कुणी जुनी वहाण
तोंडावर ठोकून बसवली असावी.
"जवळून पाहिजे," तो म्हणाला, "पिसान् पीस दिसलं पाहिजे."
पैसे दाखवले.
आम्ही आणून दिला.

तीन दिवस तो आमच्या झोपडीमागे उभा होता.
मासा ठेवला, खाल्ला नाही.
फक्त पापणी हलायची, तीही आठवण झाल्यासारखी.
चौथ्या सकाळी उभा नव्हता.
चित्र तोवर पुरं झालं होतं.

लुसाकाच्या एका हॉटेलानं ते घेतलं.
चित्रात मागे लव्हाळा, पाणी, कोवळं ऊन.
पायात दोरी नाही.

त्यानंतरचं लोक सांगतात ते खरं आहे:
तीस वर्षं तो कमरेएवढ्या पाण्यात बसला,
पोटऱ्यांना जळवा, डोक्यावर ओलं पोतं,
पक्ष्यापासून शंभर पावलांवर. एक पाऊल पुढे नाही.
मादी चोचीत पाणी भरून आणते
आणि तापलेल्या अंड्यांवर ओतते,
हे त्यानं मला दाखवलं. मला!
मी तिथलाच, जन्मापासूनचा,
आणि मला ती अंडी म्हणजे फक्त भाव माहीत होता.

एक चित्र विकलं, की एका घरट्याला एक राखणदार.
पाणी ओसरू लागल्यापासून पिल्लू उडेपर्यंतचा पगार.
पहिला राखणदार मी.
का मी, ते त्यानं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
दोन वर्षं मला गावानं वाळीत टाकल्यागत वागवलं,
सख्ख्या मेव्हण्यानं माझी होडी बुडवली.
मग त्याचाच मुलगा आला, म्हणाला, मलाही एक घरटं द्या.

एकदा परदेशातून एक बाई आली.
कॅनव्हासवर नुसतं दबलेलं गवत, मधे खळगा.
"पक्षी कुठंय?"
"गेलाय."
"तो काढा ना, दुप्पट देते."
"ऑगस्टात या. तीन दिवस बसा. आला तर काढतो."
ती आली नाही. त्या वर्षी एक घरटं बिनराखणीचं राहिलं
आणि ते पिल्लू गेलं.
हेही मला सांगितलं पाहिजे.

मग त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला.
मी शेजारी बसून सांगायचो: मान डावीकडे. आता खाली. आता काहीच नाही.
"काहीच नाही म्हणजे कसं?" तो विचारायचा.

गेल्या वर्षी म्हणाला, कापासा, लुसाकाला चल.
हॉटेलात मॅनेजर नवा, पोरगेला.
"रंग उडालाय," कालाबा त्याला म्हणाला, "फुकट दुरुस्त करून देतो."
मी शिडी धरली.
खाली लोक अंडी-पाव खात होते.
तो वर चढला, नाक चित्राला टेकेल इतका जवळ गेला,
आणि वळून न बघता म्हणाला,
"गाठ कशी होती?"

मला वाटलं होतं, विसरला असेल.
एवढी वर्षं वाटत होतं.

पिशवीचा बंद सोडवला. हातांना सगळं ठाऊक होतं:
एक वेढा, आतून दुसरा, टोक दाताखाली.
माझ्याच मनगटावर बांधली आणि हात वर केला.
तो बराच वेळ चाचपत राहिला.
मग सर्वांत बारीक ब्रश काढला.

हॉटेलवाल्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

परतीच्या बसमध्ये बघतो तर
बंद मनगटावर तसाच.
नखांनी सुटेना, दातांनी सुटेना.
"पक्की बांधायचास," तो म्हणाला,
आणि खिडकीला डोकं टेकून झोपला.