घट

हुपरीत अण्णांच्या कारखान्यात जंतर टांगलेलं असायचं,
पोलादाची पट्टी, उतरत्या मापाची भोकं,
शेवटचं इतकं बारीक
की लहानपणी वाटायचं, यातून उजेडच ओढत असतील.
तार ओढताना अण्णा बोलत नसत.
सांडशी बोलायची, आणि चांदी, कुरकुरत.

आता विद्यानगरच्या माळावर, पिवळ्या दिव्यांच्या खोलीत
मी चांदीच्या दोन भिंती उभ्या करते,
मधे तीस नॅनोमीटरचा बोळ.
लाट त्याच्या पन्नासपट.
खरं तर तिनं दारातूनच मागं फिरावं.
पण ती भिंतींना अंग घासत,
धातूतल्या इलेक्ट्रॉनांना सोबत झुलवत आत शिरते,
आणि काटकोनात वळते!
महाद्वारातून येणारा नोव्हेंबरातला किरण
असा वळला असता
तर कुणाच्या गच्चीवरून भांडणं झाली नसती.
एका नखावर हजारो बोळ मावतील,
असं मी अर्जात लिहिलंय.

अण्णा एकदाच आले बघायला.
टोपी काढून पांढरा डगला चढवला,
बुटांवर पिशव्या, हात मागं बांधलेले.
पडद्याकडं बघत म्हणाले, "ही आपली चांदी?"
नाही अण्णा, बाहेरून येते, पाच नऊची.
"आपली काय वाईट हुती?"
मी पंप तपासायला वाकले.

"जातो किती लांब उजेड?"
केसाच्या जाडीचा पाव हिस्सा.
ते गप्प.
गिऱ्हाईक वजन सांगतं तेव्हा असतात तसे गप्प.
आता म्हणतील, सात वर्षांत हा उजेड पाडलास होय.
पण त्यांनी विचारलं,
"घट किती?"

प्रबंधात मी त्याला ऱ्हास म्हटलं होतं, क्षय म्हटलं होतं,
एका ठिकाणी तर मर्यादा.
घट अर्ध्याहून जास्त, मी म्हणाले,
भिंतीच खातात.
"मग भिंती ऊन होत असतील."
होतात.
"व्हणारच. घट न्हाई म्हणणारा आटणीवाला खोटा.
ती धरून भाव सांगायचा."
आणि पडद्यावरच्या त्या फटीवर
त्यांनी बोट ठेवलं, हलकंच,
तारेची धार बघतात तसं.
काच गारच असणार.

पाचच्या गाडीनं ते हुपरीला गेले.
डगल्याच्या खिशात तंबाखूची पुडी विसरली होती,
त्यावरून मला मेमो मिळाला.

रात्री बोळ चाळीसचा केला.
दाटी थोडी गेली, उजेड थोडा पुढं गेला.
वहीतल्या शेवटच्या रकान्याचं नाव खोडून
घट लिहिलं,
आणि खाली पहिला आकडा, पेन्सिलीनं.