कार्डावरचा पहिला फोटो

कॅमेरा काल्योने बांधला, ऑक्टोबरात,
ओढ्यापलीकडच्या अल्डरच्या खोडाला,
माझ्या केबिनच्या दारापासून एकशे चाळीस पावलं.
(पावलं माझी. त्याची शंभरच भरायची.)
"समोर काही हललं की हा आपोआप टिपतो," दीर म्हणाला,
"तू फक्त बॅटऱ्या बदल,
आणि उगाच पुढ्यात नाचू नकोस."

नोव्हेंबरात आली रानडुकरं, पाठमोरी,
अकरा ढुंगणं आणि एकही चेहरा नाही.
एक कोल्हा, चौथा पाय जपत.
वाऱ्याने हललेली फांदीही त्याला जनावर वाटते:
फांद्यांचे फोटो दोनशे सहा.

मग दिवस सहा तासांचा झाला,
तोही शेजाऱ्याकडून उसना आणल्यासारखा.
बर्फ पडलं. रात्रीच्या फोटोंत
डोळे तेवढे पेटलेले, सशाचे, हरणाचे,
बाकी अंग तुम्ही समजून घ्यायचं.
लिंक्स एकदाच. सतरा जानेवारी, पहाटे चार बावीस.
मागची अर्धीच चौकटीत सापडली,
शेपटीचं टोक दौतीत बुडवून काढल्यासारखं काळं.
तेव्हा मी जागीच होते,
गरम झालेली उशी उलटी करत,
एकशे चाळीस पावलांवर.

पण खरं सांगू?
कार्डावर सगळ्यात जास्त वेळा येणारं जनावर मीच.
सरपणाची घसरगाडी ओढणारी,
टोपी भुवयांवर आलेली, तोंडाने काहीतरी पुटपुटणारी
(काय, ते फोटोत येत नाही, बरंच आहे).
डावा पाय ऑक्टोबरात उचलला जायचा.
फेब्रुवारीत बर्फात एक ठसा आणि एक रेघ,
एक ठसा आणि एक रेघ.
ऊलो ठशांवरून जनावर सांगतो. त्याला दाखवलं असतं तर म्हणाला असता,
म्हातारी मादी. कळपाबाहेरची.

काल्यो नाताळाआधीच गेला,
तार्तूच्या इस्पितळात,
खिडकीतून गाड्यांची रांग दिसायची तिथे.

कार्ड भरत आलं की पुसावं लागतं.
आधी फांद्या पुसल्या.
मग मी मला पुसलं, भराभर, न बघता.
मग डुकरं. मार्चात लिंक्ससुद्धा.
पहिला फोटो राहतो.
पहिला फोटो नेहमी बांधणाऱ्याचाच असतो:
नाक भोपळ्याएवढं, धुरकट,
दाढीचे खुंट, पट्ट्याचं टोक दातांत,
आणि एक डोळा बारीक करून आत बघणं,
चालू झालाय की नाही.

आमच्याकडे ऋतू पाच.
हिवाळा उठतो, वसंत अजून टेकलेला नसतो,
तेवढ्यात नदी अंगणात येऊन बसते,
बूट न काढणाऱ्या पाहुण्यासारखी.
यंदा कुंपण बुडालं, कोबीचा वाफा बुडाला,
पायरीला नाव बांधली.
क्रौंच आले, घिरट्या घालत, उतरायला कोरडं शोधत.
कॅमेऱ्याच्या खाली दोन वीत उरली होती.

ऊलोची नाव, एकाच अस्पेनमधून कोरलेली.
तो वल्हवत होता, मी पावलं मोजायला गेले
आणि पाण्यावर मोजता येईनात.
गाठ काल्योची. भिजून फुगलेली,
नखांना दाद न देणारी.
खिशात चाकू होता.
ऊलोने नाव खोडाला लावून धरली
आणि काही म्हणाला नाही, बराच वेळ.
सुटली शेवटी.
हातभर वर पुन्हा बांधला,
माझी गाठ, बुटाच्या नाडीची, दुसरी येत नाही.
तोंड अगदी जवळ नेऊन पाहिलं
दिवा लुकलुकतोय का.
लुकलुकला.

"काय काय आलं या वर्षी?" परतताना ऊलोने विचारलं.
फांद्या, मी म्हटलं.
मागे, कॅमेऱ्याच्या पाठीकडे,
बुडालेल्या कुरणात एक एल्क उभी होती,
पाणी छातीपर्यंत,
कान आमच्याकडे,
चघळत.