बारदान वजा

एकतीस वर्षं मी नाशकातले काटे तपासले.
सराफ बाजारातले, श्वास लागला तरी हलणारे,
पिंपळगावातले, ट्रॅक्टर चढला तरी ढिम्म.
शिसं ठोकायचो, शिक्का मारायचो,
पुढच्या वर्षीची तारीख घालायचो.
कुठलाच काटा अगदी खरा नसतो,
आमच्या खात्यात त्याला शब्द होता : मान्य त्रुटी.
इतकी चूक चालेल. इतकी नाही.

काल सोसायटीचे जाचक आले,
हातात कागद, एकोणसत्तर सह्या.
‘ड्रग्ज विकणाऱ्यांना फाशीच हवी.
तुमची सही सगळ्यात वर घेऊ, साहेब.
तुमचा पुष्कर गेलाय.’

हो, गेलाय.
मार्गशीर्षात. सिव्हिलमध्ये त्याला मोजलं, बेचाळीस किलो,
आणि मी बघितलं की त्या काट्यावरचा शिक्का
दोन वर्षांपूर्वीच संपलाय.
पोटच्या पोराच्या मढ्याशेजारी उभं राहून
मी हे बघितलं.
अजून कुणाला सांगितलेलं नाही.

पुडी आणून द्यायचा दिगंबर उशिरे.
अंबडला कंत्राटावर होता, कंपनी बंद पडली,
मग कुणीतरी स्कूटर दिली, पेट्रोल दिलं, पत्ते दिले.
दहावीपर्यंत पुष्करच्याच बाकावर.
आमच्याकडे जेवलाय,
भाकरीचा पापुद्रा आधी सोलून खायचा.
एकदा आत जाऊन आला. आता पुन्हा सापडलाय,
आणि दुसऱ्या खेपेला कायद्यात दोरसुद्धा आहे, जाचक सांगतात,
वजन पुरेसं भरलं की.

वजन.
पुडीत पावडर किती, ग्लुकोज किती, खडूची भुकटी किती,
सगळं एकत्र तोलतात म्हणे, आरोपीच्या नावावर.
असं कुणी माझ्यासमोर तोललं असतं
तर दुकान सील केलं असतं.
मार्केट यार्डातला नवखा हमालसुद्धा
आधी बारदान वजा करतो.
दिगंबरचं कोण करणार?
बंद कंपनी. आईचं डायलिसिस.
शेडमध्ये रात्री पिंपं ढवळणारा केमिस्ट,
त्या शेडचं भाडं मोजून घेणारा,
ज्याचं नाव कुठल्याच पंचनाम्यात उमटलं नाही.

मला राग नाही असं नाही.
पहिले सहा महिने मी त्याला रोज मारलं,
उंटवाडीच्या पुलावर उभा राहून,
नासर्डीच्या काळ्या पाण्यात बघत,
वेगवेगळ्या तऱ्हांनी.
पुष्कर एकदाही उठून बसला नाही.

ऐकलंय, फाशीआधी माणसाला काट्यावर उभं करतात.
वजनावरून दोर ठरतो,
मग वाळूचं पोतं टांगून बघतात.
म्हणजे तिथंही एक काटा आहे,
आणि आमच्यातलाच कुणीतरी त्याच्यावर
पुढच्या वर्षीची तारीख घालतो.
त्या कामात मान्य त्रुटी किती
हे एकतीस वर्षांत
एकाही परिपत्रकात वाचलं नाही.

मी कागद परत दिला.
जाचक जिन्यातून म्हणाले,
‘वहिनींनी केलीय. सकाळीच. बाविसावी बघा.’
बघितली. वत्सला भास्कर धात्रक.
‘ध’ जरा थरथरलेला.
मी तिला काही बोललो नाही.
नऊ महिने पोटात वागवल्याचं माप
माझ्या पेटीत नव्हतं.

रात्री भांडी लावताना तीच म्हणाली,
‘तो दिगू किती किलोचा असेल हो आता?’
पंचावन्न असेल, मी म्हणालो.
ती बराच वेळ एकच ताट पुसत राहिली.
‘तुम्ही घरी काटा आणायचात तपासायला,
तेव्हा दोघं एकदमच चढायचे ना त्याच्यावर?’

चढायचे.
एकमेकांच्या खांद्याला धरून, खिदळत,
आणि काटा थरथरत राहायचा,
कुणाचं किती
ते मला कधीच लिहिता आलं नाही.